तुझं पुस्तक, माझं नाव

आत्या, परवा तुझी तेरवी झाली. मांडवात मी वाढत होते. पलीकडच्या गावाहून आलेल्या एका बाईनं माझं मनगट धरलं आणि विचारलं, "तूच ना वं ते मरळीचं पुस्तक काढलेली मास्तरीण? यमुनाबाईची भाची?" माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी "हो" म्हटलं आणि पुढच्या पत्रावळीवर भात वाढला. तुझ्या नावानं जेवायला बसलेल्या लोकांमध्ये उभी राहून मी तेच खोटं पुन्हा एकदा बोलले. तुझी भाची आहे, एवढंच काय ते त्यात खरं होतं.

म्हणून हे लिहायला बसले. तुझ्याबद्दल चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला माझ्याबद्दल लिहायचं आहे, आणि ते तुलाच सांगायचं आहे.

तू सासरहून परत आलीस तेव्हा मी चार वर्षांची असेन. सहा वर्षं मूल झालं नाही म्हणून त्यांनी तुला ट्रंकेसकट एसटीत बसवून दिलं, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की घरात एक माणूस वाढलं आणि ते माणूस माझी वेणी मायपेक्षा हळू घालतं. बाबा आणि काका तलावात डोंगा, म्हणजे लाकडी होडी, घालून मासे धरायचे, पावसाळ्यात दुसऱ्यांच्या बांधीत भाताच्या रोवणीला जायचे. मायही मजुरीला. घरी राहिलो तू आणि मी. मग तुला बालवाडीत मदतनिशीचं काम मिळालं आणि मी तुझ्या लुगड्याचा पदर धरून बालवाडीत जायला लागले. झाडायचं, पाणी भरायचं, घरोघर जाऊन पोरं गोळा करून आणायची, त्यांची नाकं पुसायची. शिकवायचं काम बाईंचं. तुझी शाळा तिसरीत सुटलेली.

एक दिवस गडचिरोलीहून एसटीच्या टपावरून एक खोका आला. त्यात गुळगुळीत कागदाची पाच-सहा चित्रांची पुस्तकं होती. आम्ही सगळे त्यावर तुटून पडलो. बाईंनी आम्हाला रांगेत बसवलं आणि एकेक पान दाखवायला लागल्या. "हे बर्फाचे घर." आम्ही ओरडलो, "हे बर्फाचे घर." "हे जहाज." "हे जहाज." तू दारात झाडू घेऊन उभी होतीस. पोरं घरी गेल्यावर तू म्हणालीस, "बाई, पोरं नुसते घोकून राह्यले. बरफाचं घर पायलं कुठी याइनं? मी बी नाई पायलं."

बाई म्हणाल्या, "मंग काय करू यमुनाबाई? सरकारनं हेच धाडलं."

तू झाडू ठेवलास आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून घेतलंस.

पुढचे आठ-दहा दिवस दुपारी आपण घरामागच्या सांदवाडीत बसायचो. कॅलेंडरच्या पाठीमागची पांढरी बाजू. बांबूच्या काडीचं टोक चावून केलेला कुंचला. काळ्यासाठी दिव्याची काजळी, पिवळ्यासाठी हळद, हिरव्यासाठी वालाची पानं कागदावर घासायची. लाल रंगाला मात्र तू बाजारातून कुंकवाची पुडी आणलीस. माय म्हणाली, "कुकू कागदाले लावून राह्यली? येडी झाली काय?" तू मान वरच केली नाहीस. पानं झाली तेव्हा दाभणानं भोकं पाडून जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यानं ती शिवलीस.

मरळ माशाची पिल्लं लाल असतात. पावसाळ्यात ती पाण्यावर झुंडीनं तरंगतात, कोणाच्या हातून कुंकू सांडल्यासारखी, आणि त्यांच्या खाली माय-बाप राखण करतात. तेव्हा मरळ धरू नये, असं बाबा सांगायचे. तुझ्या पुस्तकात त्या झुंडीतलं एक पिल्लू हरवतं. प्रत्येक पानावर तलावातली एकेक जागा, आणि खाली तुझ्या वाकड्या अक्षरात एकच प्रश्न: "कुठी गेलं वं?" कमळाच्या देठांत, शिंगाड्याच्या वेलाखाली, डोंग्याच्या सावलीत. प्रत्येक पानावर ते लाल पिल्लू होतंच, पण शोधावं लागायचं. माय मरळ बाकीच्या पिल्लांखालून हलत नाही. बाप मरळ शोधत फिरतो. शेवटच्या पानावर पिल्लू झुंडीत परत येतं आणि तिथे मात्र काही लिहिलेलं नव्हतं.

तू ते पहिल्यांदा बालवाडीत उघडलंस तेव्हा घोकंपट्टी झाली नाही. पोरं एकमेकांच्या अंगावर चढली. बगळ्याच्या पायामागचं पिल्लू मला पहिल्यांदा दिसलं आणि मी अशी किंचाळले की बाईंच्या हातातला चहा सांडला. "कुठी गेलं वं" हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. बोटानं तू दाखवायचीस, मी म्हणायची. एक दिवस तुझं बोट नव्हतं तरी मी म्हटलं.

मी मास्तरीण झाले ती त्या पुस्तकामुळे, हे आज लिहायला सोपं आहे. अजूनही वर्गात शिरले की समोर बसलेल्या मुलांआधी मला न आलेलं मूल दिसतं. हजेरी घ्यायच्या आधीच कळतं. माझे मुख्याध्यापक त्याचं कौतुक करतात. ही सवय मला कोणी लावली, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

आठवीत मी गडचिरोलीच्या वसतिगृहात गेले. माझ्या पेटीत तू ते पुस्तक कपड्यांच्या घडीत ठेवलंस. म्हणालीस, "बालवाडीत आता फाटून जाईन. तूच ठेव. करमलं नाई का पाय."

करमायचं नाहीच. पण त्याहून मोठं दुःख वेगळं होतं. मी "मले" म्हटलं की तालुक्याच्या मुली हसायच्या. "मले पाणी पाहिजे" असं एक मुलगी माझ्या आवाजात म्हणायची आणि सगळी खोली लोळायची. महिन्याभरात मी "मला" म्हणायला शिकले. मग एका रविवारी त्यांनी माझी पेटी उघडली आणि पुस्तक बाहेर आलं. हळद उडालेली, कुंकू शेजारच्या पानांवर उमटलेलं, कागदाला सांदवाडीचा वास. एकीनं विचारलं, "हे काय गं? कोणी काढलं? लहान पोरानं?"

मी म्हटलं, "हो, माझ्या लहान भावानं."

मला लहान भाऊ नाही, आत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पुस्तक वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे चुलीच्या जळणाच्या ढिगावर ठेवून आले. ठेवलं आणि निघून गेले असते तर निदान म्हणता आलं असतं की पुढचं मला माहीत नाही. पण मी भिंतीला टेकून उभी राहिले. स्वयंपाकीणबाईंनी ते उचललं, चाळलंसुद्धा नाही, दोन पानं फाडली, पेटवली, लाकडांखाली सारली. मग आणखी दोन. शेवटचं पान जाईपर्यंत मी तिथे होते. मला हाक मारता आली असती. मी वर्गात गेले.

दिवाळीत घरी आले तेव्हा तू विचारलंस, "ते आपलं पुस्तक हाये का वं?"

"आहे ना. पेटीत आहे."

माझं "आहे" ऐकून तू हसलीस. "बोलणं बदललं तुयं," एवढंच म्हणालीस. पुस्तकाबद्दल परत कधी विचारलं नाहीस.

डी.एड. झालं, नोकरी लागली ती माजरीच्या बाजूला, खाणीच्या वस्तीतल्या शाळेत. खिडकीच्या गजांवर रोज कोळशाची धूळ. दुसऱ्या वर्षी आम्हा शिक्षकांचं चंद्रपूरला शिबिर झालं. प्रत्येकानं लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक करायचं, निवडलेली पुस्तकं छापून अंगणवाड्यांना जाणार. सगळे कोल्हा, कावळा, शेतकरी असलं काही काढत होते. मी कोरा कागद समोर घेतला आणि माझा हात आपोआप चालायला लागला. कमळाचे देठ, शिंगाड्याचा वेल, डोंग्याची सावली, बगळ्याचा पाय. एकही पान मला आठवावं लागलं नाही. जळताना इतकं नीट पाहिलेलं माणूस विसरत नाही.

तेव्हा मी स्वतःला समजावलं की तलाव तर माझाही आहे, मरळ काही कोणाच्या मालकीची नाही. शिबिरातल्या एका जाणकार बाईंनी सुचवलं, बापाऐवजी आईनं शोधायला जावं, ते जास्त भिडेल. मी लगेच बदललं. भाषा प्रमाण करा म्हणाल्या, मी "कुठे गेले?" केलं. पुस्तक निवडलं गेलं. छापून आलं. मुखपृष्ठावर माझं एकटीचं नाव, शब्द आणि चित्रं दोन्हीसाठी. प्रकाशनाच्या कार्यक्रमात कोणीतरी विचारलं, "ही कल्पना सुचली कशी?" माईक हातात होता. मी म्हटलं, "आमच्या गावी मोठा तलाव आहे. लहानपणी मी त्याच्या पाळीवर तासन्‌तास बसायचे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुला मी त्या कार्यक्रमाला बोलावलं नव्हतं. बाबांनी विचारलं तर सांगितलं, प्रवास फार आहे, तिला झेपणार नाही. तू तेव्हा अंगणवाडीत, म्हणजे आपल्या जुन्या बालवाडीतच, तुला आजी म्हणणाऱ्या पन्नास पोरांची खिचडी रोज एकटीनं शिजवत होतीस.

मी पुस्तक घरी आणलंच नाही. तुला कळणार नाही असं मला वाटलं असेल का? अंगणवाड्यांना जाणार हे ठाऊक असून? माणूस स्वतःपासून काय काय लपवतं. खोका आपल्या गावीही आला, आणि तो उघडला तूच.

त्या पोळ्याला मी घरी आले. तू आतून पुस्तक घेऊन आलीस आणि माझ्याजवळ ओट्यावर बसलीस. आता ही म्हणेल, हे तर माझं. म्हटलं असतंस तर बरं झालं असतं, मी रडले असते, तू रागावली असतीस, मिटलं असतं. तू एकेक पान उलटत गेलीस आणि मधल्या एका पानावर बोट ठेवलंस.

"हे तू चुकवलं वं."

"काय चुकलं?"

"माय कुठी चालली?"

"पिल्लाला शोधायला."

"अन् बाकीच्याइचं काय? त्याइले कोण पाहीन? मरळ असी जात नाई. एका पिल्लापाई शंभर पिल्लं बगळ्याच्या तोंडी देईन काय ते?"

मी शिबिरात शिकलेलं तुला ऐकवलं. "आत्या, गोष्टीत असं चालतं. मुलांना आई शोधताना दिसली पाहिजे. त्यात भावना आहे."

"जे थांबली तिले भावना नाई काय?"

मी गप्प बसले नाही. मी तुला समजावत राहिले, वर्गात समजावते तशी, बोट वर करून. तू थोडा वेळ ऐकलंस. मग म्हणालीस, "अन् हे 'कुठे गेले' कोण बोलते आपल्याइथी?" मी म्हटलं, पुस्तकात असंच लिहितात. तू पुस्तक मिटलंस, पदरानं पुसलंस आणि म्हणालीस, "कागद मस्त हाये पण. पोराइनं किती बी ओढला तरी फाटत नाई." आणि चहा ठेवायला आत गेलीस.

तो वाद तिथेच राहिला. तुझं बरोबर होतं. मी नंतर मासेमारी करणाऱ्या काकांनाही विचारून खात्री केली. तुला मात्र तसं कधी सांगितलं नाही. चूक कबूल केली असती तर तिच्यामागून दुसरीही कबूल करावी लागली असती.

या हिवाळ्यात तुला गडचिरोलीच्या दवाखान्यात भरती केलं. मी रविवारी आले. एसटीत बसल्या बसल्या ठरवलं होतं की आज सांगायचंच. चुलीचंही सांगायचं. तू उशाला टेकून बसली होतीस, हात काडीसारखे झालेले. मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हटलं, "आत्या, ते पुस्तक..."

तुझे डोळे चमकले. "दुसरं कवा काढतेस?"

"दुसरं?"

"एकच काढून बसली. मायाजवळ एक गोष्ट हाये. सांगू काय?"

आणि तू सांगायला लागलीस. लग्नाआधी तू पहाटे मोहफुलं वेचायला गेली होतीस. धुकं होतं. झाडाच्या एका बाजूला तू वाकून वेचत होतीस आणि दुसऱ्या बाजूनंही वेचल्याचा आवाज येत होता. तुला वाटलं मैत्रीण आहे. तू तिच्याशी बोलत राहिलीस, घरचं, लग्नाचं, सगळं. उजाडायला लागलं तेव्हा बुंध्यामागून काळी पाठ दिसली. अस्वल होतं. तेही मोहफुलंच खात होतं. "मी टोपली सोडली नाई," तू म्हणालीस, "जागच्या जागी उभी रायली. मंग त्यानं मान वर केली..."

आत्या, आता मी जे लिहिते आहे ते कोणालाच ठाऊक नाही. तू सांगत होतीस, तुला धाप लागत होती, आणि मी मनातल्या मनात पानं पाडत होते. धुक्याचं पहिलं पान, अर्धं झाड या बाजूला, अर्धं त्या बाजूला, पाठ शेवटी दाखवायची. चोरी कबूल करायला आलेली मी तुझ्या पलंगावर बसून दुसरी चोरी करत होते. माझं मलाच ते जाणवलं तेव्हा मी झटकन उठले. नर्स इंजेक्शन घेऊन आली होती, ते निमित्त झालं. म्हटलं, "आत्या, चंद्रपूरची गाडी सुटेल. पुढच्या रविवारी ऐकते उरलेलं."

"ये," तू म्हणालीस. "मी कुठी जातो?"

गुरुवारी शाळेत बाबांचा फोन आला.

अस्वलानं मान वर केली आणि पुढे काय झालं, हे मी मायला, बाबांना, काकांना विचारलं. तू ही गोष्ट त्यांच्यापैकी कोणालाच सांगितलेली नव्हती. ती आता अर्धीच आहे, आणि अर्धीच राहू दे. मी तिला हात लावणार नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल सकाळी, मी अंगणवाडीत गेले. छाया आता तिथे सेविका आहे. आपल्या बालवाडीत ती माझ्याच शेजारी बसायची. मी तिला बाहेर ओट्यावर बोलावलं आणि सांगून टाकलं. पुस्तक माझं नाही, आत्याचं आहे. तिनं केलेलं मूळ पुस्तक मी जाळू दिलं, आणि मग आठवून आठवून माझ्या नावावर काढलं. बोलताना, का कोण जाणे, मी "मले" म्हणत होते.

छायाला धक्का बसला नाही. ती हळूच म्हणाली, "सुरेखाताई, आमाले माहीत हाये."

"कोणाला?"

"साऱ्याइले. आमी सारे त्याच बालवाडीतले ना. कुकवाचं पिल्लू कोण भुलते? खोका आला त्याच दिवशी ओळखलं. हे मास्तरीण आली का विचारतोच, असं पोट्टे म्हणून राह्यले होते."

"मग कोणी विचारलं का नाही?"

"आत्यानं साऱ्याइले बजावलं होतं. कोणी बोलाचं नाई म्हणे. तिले सांगू द्या. पोरगी सांगन."

तीन वर्षं, आत्या. तीन वर्षं मी दर सणाला आले. तलावाच्या पाळीवरून चालत येताना लोक ओट्यावरून हाक मारायचे, "मस्त पुस्तक काढलं वं मास्तरीणबाई," आणि मी हसून मान लववायचे, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दर वेळी मी तुझ्या पाया पडले. तू चहा ठेवलास, माझ्यासमोर बसलीस, माझ्या तोंडाकडे पाहिलंस. मला वाटायचं, म्हातारी झाली, डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून अशी टक लावून बघते.

पुस्तक छापणाऱ्यांना मी काल दुपारीच पत्र टाकलं. त्यात सगळं आहे. ते काय करतील माहीत नाही, माझ्या नोकरीचं काय होईल तेही माहीत नाही. मुखपृष्ठावर तुझं नाव यावं, पानावर बाप मरळ यावा आणि "कुठी गेलं वं" यावं, एवढं मागितलं आहे. आणि हे लिहिलेलंही मी छापायला देते आहे, म्हणजे मला परत फिरता येणार नाही.

छाया आत गेली तेव्हा पोरं खिचडीच्या ताटल्या घेऊन बसली होती. मी दारात उभी होते. एका चिमुरड्या पोरीनं पहिला घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि मलाच विचारलं, "आजी कवा येते?"

मी खाली बसले आणि तिला खरं काय ते सांगितलं.